तलाव, पाळ आणि पायवाट : नवेगाव-नागझिरा परिसरातील वनपर्यटनाची ऐतिहासिक पार्श्वभूमी

गोषवारा

पूर्व विदर्भातील भंडारा व गोंदिया हे जिल्हे तलावांचे जिल्हे म्हणून ओळखले जातात. नवेगावबांध, नागझिरा, बोदलकसा, चोरखमारा ही येथील स्थळे आज निसर्गपर्यटनाच्या नकाशावर आहेत. पर्यटनविषयक लेखनात त्यांचे वर्णन प्रामुख्याने 'निसर्गाचे वरदान' असे केले जाते. प्रस्तुत शोधनिबंधात या तलावांची आणि त्यांच्या भोवतीच्या वाटांची निर्मिती कोणी, कोणत्या कारणाने केली आणि त्यांच्यावरील हक्क कोणत्या टप्प्यांनी बदलत गेला, याचा आढावा घेतला आहे. येथील पर्यटनमार्गांचा मोठा भाग हा जुन्या श्रममार्गांचाच उत्तरकालीन अवतार आहे आणि त्या श्रमाची नोंद केल्याशिवाय या प्रदेशाचा पर्यटनेतिहास पूर्ण होऊ शकत नाही, असे प्रतिपादन येथे केले आहे.

बीजशब्द : मालगुजारी तलाव, कोहळी, धीवर, निस्तार हक्क, नवेगाव राष्ट्रीय उद्यान, नागझिरा अभयारण्य, वनपर्यटन.

प्रस्तावना

महाराष्ट्रातील पर्यटनाचा इतिहास लिहिताना अभ्यासकांचे लक्ष साधारणतः गडकिल्ले, लेणी, तीर्थक्षेत्रे आणि ब्रिटिशांनी वसविलेली थंड हवेची ठिकाणे यांच्याकडे जाते. वनप्रदेशाचा विचार होतो तो वन्यजीवशास्त्राच्या किंवा पर्यावरणशास्त्राच्या अंगाने. जंगलाला जणू इतिहास नसतो, असा एक अव्यक्त समज त्यामागे असतो. वैनगंगेच्या खोऱ्यातील तलावप्रदेश हा समज तपासून पाहण्यास अत्यंत उपयुक्त आहे. याचे कारण असे की, येथे येणारा पर्यटक ज्या जलाशयाच्या काठावर उभा राहून निसर्गसौंदर्य अनुभवतो, तो जलाशय बहुतांशी मानवनिर्मित असतो. आणि ज्या रस्त्याने तो जंगलात शिरतो, तो रस्ता त्याच्यासाठी तयार झालेला नसतो.

या निबंधात जिल्हा गॅझेटियर, महसूलविषयक कायदे, वनविषयक अधिसूचना आणि मराठीतील वनसाहित्य यांचा आधार घेऊन तीन प्रश्नांचा विचार केला आहे. तलाव कोणी बांधले? त्यांच्या भोवतीच्या वाटा कशा पडल्या? आणि या वाटांवर चालण्याचा अधिकार कोणाकडून कोणाकडे गेला?

तलावप्रदेशाची घडण

भंडारा जिल्ह्याचे विभाजन होऊन १ मे १९९९ रोजी गोंदिया जिल्हा अस्तित्वात आला. तत्पूर्वीच्या एकत्रित जिल्ह्याचे वर्णन करताना आर. व्ही. रसेल यांनी संपादित केलेल्या १९०८ च्या जिल्हा गॅझेटियरने येथील तलाव आणि धानशेती यांची विस्ताराने दखल घेतली आहे. पूर्व विदर्भातील जिल्ह्यांत मिळून आजही सहा हजारांहून अधिक माजी मालगुजारी तलाव नोंदलेले आहेत. लोकव्यवहारात त्यांना 'मामा तलाव' असे संक्षिप्त नाव मिळाले आहे. याखेरीज शेतकऱ्यांनी आपापल्या शेतात खोदलेल्या लहान बोड्यांची संख्या वेगळी आहे.

या प्रदेशात पाऊस पुरेसा पडतो. परंतु धानाच्या पिकाला तो ज्या वेळी हवा असतो त्या वेळी पडेलच याची शाश्वती नसते. रोवणा झाल्यानंतर पावसाने ओढ दिली, किंवा लोंब्या भरण्याच्या काळात पाणी मिळाले नाही, तर हाताशी आलेले पीक जाते. उंचसखल, टेकड्यांनी वेढलेल्या भूप्रदेशाचा उपयोग करून दोन टेकड्यांमधील वाहते पाणी मातीची पाळ घालून अडवावे आणि ते खालच्या बांध्यांना द्यावे, हा उपाय येथील कृषिसमाजाने शोधला. पाणी सोडण्यासाठी 'तुडूम' आणि अतिरिक्त पाणी वाहून जाण्यासाठी सांडवा अशी या तलावांची रचना असे. अनेक ठिकाणी एका तलावाचे जादा पाणी खालच्या तलावात आणि तेथून पुढच्या बोडीत जाईल अशी साखळीही आढळते.

तलावनिर्मितीचे श्रेय परंपरेने कोहळी समाजाला दिले जाते. चांद्याच्या एका गोंड राजाने काशीयात्रेहून परतताना या समाजातील लोकांना आपल्या राज्यात आणले, ही आख्यायिका रसेल आणि हिरालाल यांच्या मध्य प्रांतातील जातिजमातींवरील १९१६ च्या ग्रंथात नमूद आहे. ऊस पिकविणे आणि त्यासाठी तलाव बांधणे ही कोहळ्यांची ख्याती होती. जो तलाव बांधील त्याला त्या पाण्याखाली भिजणारी जमीन देण्याची 'तुकूम' नावाची प्रथा चांद्याच्या गोंड राजवटीशी जोडली जाते. आख्यायिका शब्दशः इतिहास म्हणून स्वीकारता येत नाही. परंतु राज्यसत्तेने जमिनीचे आमिष दाखवून जलनिर्मितीला उत्तेजन दिले आणि कुशल कृषकांच्या वसाहती झाल्या, एवढे ऐतिहासिक तथ्य तिच्यातून हाती लागते.

अर्जुनी-मोरगाव तालुक्यातील नवेगावबांध हे या परंपरेचे सर्वांत भव्य उदाहरण होय. सुमारे ११ चौरस किलोमीटर विस्ताराचा हा तलाव कोलू पाटील कोहळी याने अठराव्या शतकाच्या प्रारंभी बांधल्याचे मानले जाते. तलावाभोवतीच्या सात टेकड्या 'सातबहिणी' या नावाने ओळखल्या जातात. बांधकामात या बहिणींनी साहाय्य केले, अशी लोकश्रद्धा आहे. स्वतः कोलू पाटील 'कोलासूर' या नावाने देवत्वास पोहोचला. तलाव बांधणारा मनुष्य लोकदैवत होतो, ही घटना सामाजिक इतिहासाच्या दृष्टीने बोलकी आहे. ज्या समाजाचे अन्न पाळीच्या मजबुतीवर अवलंबून होते, त्या समाजाने पाळ बांधणाऱ्याला देवांच्या पंक्तीत बसविले.

पायवाटांचे मूळ स्वरूप

तलाव बांधून झाला की काम संपत नसे. पाळीवर उगवलेली झुडपे काढणे, पावसाळ्यात पाझर कोठे लागला आहे हे पाहणे, ठरलेल्या क्रमाने पाणी सोडणे, यासाठी पाळीवरून रोजची ये-जा आवश्यक होती. तलावाच्या पाळीवरील वाट ही अशा रीतीने या प्रदेशातील सर्वांत जुनी देखभालीची वाट होय.

दुसरी वाट धीवरांची. मासेमारी, शिंगाडे आणि कमळकंद काढणे हे धीवर समाजाचे परंपरागत व्यवसाय. त्यांच्या वाटा गावातून निघून काठाकाठाने उथळ पाण्यापर्यंत जातात. देवधानासारखी पाणवनस्पती कोठे वाढते, कोणत्या ऋतूत कोणता मासा प्रवाहाच्या उलट दिशेने चढतो, याचे ज्ञान या वाटांशी निगडित आहे.

तिसरा प्रकार जंगलात जाणाऱ्या वाटांचा. फाल्गुन-चैत्रात मोहफुले आणि वैशाखात तेंदूपाने गोळा करण्यासाठी गोंड, हलबा आदी समाजांतील स्त्री-पुरुष पहाटेच जंगलाची वाट धरीत. सरपण, बांबू, डिंक, गुरांची चराई यांच्या वाटा वेगळ्या असत. गोंदिया शहर विडी उद्योगाचे केंद्र बनल्यानंतर तेंदूपानाला रोख किंमत आली आणि या वाटांचे आर्थिक महत्त्व वाढले.

चौथी वाट यात्रेकरूंची. गोठणगावजवळील प्रतापगडच्या डोंगरावर महाशिवरात्रीला भरणारी यात्रा आणि सालेकसा तालुक्यातील कचारगडच्या गुहांकडे माघ पौर्णिमेला जाणारे गोंड भाविक ही त्याची दोन प्रमुख उदाहरणे. आजच्या पर्यटनविषयक माहितीपत्रकांत प्रतापगड, कचारगड आणि दरेकसाजवळचा हाजरा धबधबा ही स्थळे एका ओळीत येतात. तथापि पहिल्या दोन स्थळांकडे जाणारी पायवाट भाविकांच्या पावलांनी पडलेली आहे, हे लक्षात घेणे आवश्यक ठरते.

वसाहतकाळ : पायवाटेकडून वनरस्त्याकडे

१८५३ मध्ये नागपूरच्या भोसल्यांचे राज्य खालसा झाले आणि १८६१ मध्ये मध्य प्रांताची स्थापना झाली. त्यानंतरच्या जमीनबंदोबस्तात गावाचा सारा गोळा करणाऱ्या पाटलांना मालगुजार म्हणून मालकी हक्क देण्यात आले. तलावही मालगुजाराच्या मालमत्तेत गणले गेले. मात्र पाणी वापरण्याचे गावकऱ्यांचे रूढ हक्क 'वाजिब-उल-अर्ज' या गावनिहाय दस्तऐवजात नोंदविण्याची पद्धत पडली. मालकी एकाची आणि वापर अनेकांचा, अशी ही व्यवस्था होती. मालगुजाराचे शोषण आणि मालगुजाराची तलावनिगा या दोन्ही गोष्टी एकाच व्यवस्थेचा भाग होत्या. त्यांपैकी एकीकडे डोळेझाक करून दुसरीचे चित्र रंगविणे इतिहासाला धरून होणार नाही.

१८७८ च्या भारतीय वन कायद्यानंतर राखीव वनांची संकल्पना दृढ झाली. मालगुजारी जंगले बाजूला ठेवून उरलेल्या सरकारी जंगलांत वनखात्याने सीमारेषा आखल्या, आगीपासून संरक्षणासाठी जाळरेषा काढल्या आणि लाकूड बाहेर काढण्यासाठी बैलगाडीचे रस्ते तयार केले. बंगाल-नागपूर रेल्वेच्या गोंदियाहून नागभीडकडे जाणाऱ्या अरुंदमापी मार्गाने विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात हा प्रदेश बाजारपेठेशी जोडला. वनविश्रामगृहे ही याच काळाची देणगी. दौऱ्यावरील अधिकाऱ्याच्या मुक्कामासाठी बांधलेली ही विश्रामगृहे पुढे पर्यटकांच्या निवासाचा आद्य नमुना ठरली.

विसाव्या शतकाच्या पहिल्या चतुर्थकात सरकारी पाटबंधारे खात्यानेही मोठे तलाव बांधले. रामटेकजवळचा खिंडसी, तसेच बोदलकसा व चोरखमारा हे त्यांपैकी होत. तलावबांधणीचे कसब गावाच्या हातून अभियंत्याच्या हाती जाण्याचा हा प्रारंभ होता. गावाची पाळ गावकरी राखीत. सरकारी तलावाची देखभाल खात्याकडे गेली.

मालगुजारी निर्मूलन आणि हक्कांची फेरमांडणी

मध्य प्रदेश मालकी हक्क निर्मूलन कायदा, १९५० हा ३१ मार्च १९५१ पासून अमलात आला. मालगुजारी संपुष्टात आली आणि जंगले व तलाव शासनाकडे निहित झाले. कुळांच्या दृष्टीने हा कायदा मुक्तिदायी होता यात शंका नाही. परंतु तलावाची जबाबदारी नेमकी कोणी घ्यायची, हा प्रश्न त्यातून निर्माण झाला. पूर्वी रूढीने मिळणाऱ्या पाण्यावर पाणीपट्टी देण्यास शेतकरी नाखूश होते. आणि उत्पन्न नसलेल्या तलावावर खर्च करण्यास प्रशासन उत्सुक नव्हते. परिणामतः अनेक तलाव गाळाने भरत गेले. १९७० च्या सुमारास पूर्ण झालेल्या गाढवी नदीवरील इटियाडोहसारख्या धरणांनी सिंचनाचे नवे साधन दिले, तसे गावतलावाकडील लक्षही कमी केले.

येथे एका दस्तऐवजाकडे अभ्यासकांचे लक्ष वेधणे गरजेचे आहे. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ मधील कलम १६१ अन्वये निस्तारपत्रक आणि कलम १६५ अन्वये वाजिब-उल-अर्ज यांची विदर्भापुरती तरतूद कायम राहिली. गावकऱ्यांनी चराई, सरपण, बांबू कोठून घ्यावा हे निस्तारपत्रकात. तर पाणी घेण्याचा, जाण्या-येण्याच्या वाटेचा आणि मासेमारीचा रूढ हक्क वाजिब-उल-अर्जमध्ये नोंदला जातो. म्हणजेच या प्रदेशातील पायवाट हा केवळ स्मरणाचा विषय नाही. ती महसुली अभिलेखाचा विषय आहे. पर्यटनेतिहासाच्या अभ्यासात या साधनांचा उपयोग अद्याप फारसा झालेला नाही.

संरक्षित क्षेत्र आणि वाचकाचे जंगल

१९७० मध्ये नागझिरा अभयारण्य घोषित झाले. त्याचे क्षेत्र सुमारे १५३ चौरस किलोमीटर होते. १९७२ मध्ये वन्यजीव संरक्षण कायदा आला आणि १९७५ मध्ये सुमारे १३४ चौरस किलोमीटरचे नवेगाव राष्ट्रीय उद्यान अस्तित्वात आले. शिकार आणि लाकूडतोड थांबली. बैलगाडीचे रस्ते, जाळरेषा आणि गावांच्या वाटा यांच्यातून गस्तीचे मार्ग निश्चित झाले आणि त्यांच्यापैकीच काही पर्यटनमार्ग म्हणून खुले करण्यात आले.

या बदलात मराठी साहित्याचा वाटा लक्षणीय आहे. व्यंकटेश माडगूळकर यांच्या 'नागझिरा' या पुस्तकाने या अभयारण्याचे नाव महाराष्ट्रभर पोहोचविले. वनाधिकारी म्हणून नवेगावबांध येथे काम केलेले मारुती चितमपल्ली (१९३२-२०२५) यांनी 'नवेगावबांधचे दिवस' मधून तलाव, पक्षी आणि माणसे यांचा परस्परसंबंध वाचकांसमोर आणला. नवेगावचे माधवराव पाटील डोंगरवार यांच्या पक्षिज्ञानाचा त्यांनी आदरपूर्वक उल्लेख केला आहे. चितमपल्लींच्या लेखनाचे वैशिष्ट्य असे की, त्यांचे वनज्ञान शास्त्रीय ग्रंथांइतकेच वनवासी आणि धीवर यांच्या बोलीतून आलेले आहे. किरण पुरंदरे यांच्या 'सखा नागझिरा' ने पुढच्या पिढीतील वाचकाला या जंगलाशी जोडले. पुण्या-मुंबईचा पर्यटक येथे वाघ पाहण्यास येऊ लागला, त्याआधी तो पुस्तकांतून येथे येऊन गेला होता.

मात्र साहित्यातील जंगल हे पायी फिरण्याचे जंगल होते. पाणवठ्याशेजारी बसून राहणे, माग काढीत जाणे, पहाटे तलावाच्या काठाने चालणे, हा या लेखनाचा अनुभवपाया होता. संरक्षणाचे नियम कडक होत गेले तसा हा अनुभव वाचकाच्या आवाक्याबाहेर गेला.

व्याघ्र प्रकल्पानंतरची स्थिती

डिसेंबर २०१३ मध्ये नवेगाव, नागझिरा, नवीन नागझिरा व कोका या संरक्षित क्षेत्रांचा मिळून सुमारे ६५६ चौरस किलोमीटरचा नवेगाव-नागझिरा व्याघ्र प्रकल्प घोषित झाला. गाभा क्षेत्रात पर्यटकाला ठरलेल्या प्रवेशद्वाराने, ठरलेल्या वेळी, वाहनातूनच जाता येते. पिटेझरी, चोरखमारा, मंगेझरी, उमरझरी ही प्रवेशद्वारांची नावे मुळात गावांची आणि पाणवठ्यांची नावे आहेत, हे येथे लक्षणीय ठरते. पर्यटकाच्या तोंडी ती आता केवळ 'गेट' म्हणून येतात.

या काळात उद्यानातील कवलेवाडा, कालीमाटी, झनकारगोंदी यांसारख्या गावांचे बाहेर पुनर्वसन झाले. वाघाला निर्वेध क्षेत्र हवे, ही वन्यजीवशास्त्राची मागणी निराधार नाही. नागझिऱ्यात वाढलेला 'जय' हा वाघ उमरेड-कऱ्हांडल्यापर्यंत चालत गेला. मे २०२३ मध्ये ब्रह्मपुरी परिसरातील दोन वाघिणी नागझिऱ्यात सोडण्यात आल्या. मुंबई-कोलकाता राष्ट्रीय महामार्ग नागझिरा आणि नवेगाव यांच्यामधून जातो आणि वन्यप्राण्यांच्या वाटांना छेदतो. वाघाच्या वाटेची चर्चा शासन, न्यायालये आणि वृत्तपत्रे करतात, आणि ती व्हायलाच हवी. त्याच भूमीवरील माणसांच्या वाटांची चर्चा मात्र गाव उठले की थांबते. वाट वापरातून गेली की दोन-चार पावसाळ्यांत ती झाडोऱ्याखाली जाते, आणि तिच्याबरोबर टेकडीचे, ओहोळाचे, झाडाचे नावही जाते.

पर्यटनाने स्थानिक तरुणांना मार्गदर्शक व वाहनचालक म्हणून रोजगार दिला, ही जमेची बाजू नोंदविली पाहिजे. पण या रोजगाराचा भर प्राणिदर्शनावर आहे. कोहळ्यांची जलरचना, धीवरांचे मत्स्यज्ञान, गोंडांची स्थलनामे हा मार्गदर्शकाच्या प्रशिक्षणाचा गाभा होऊ शकतो, हा विचार अजून रुजलेला नाही. वास्तविक अर्जुनी-मोरगाव तालुक्यातील काही गावांत धीवर महिलांच्या गटांनी तलावांतील बेशरमाची झुडपे काढून स्थानिक पाणवनस्पती पुन्हा लावल्या आणि स्थानिक माशांना अधिवास मिळवून दिला. गोंदिया जिल्हा हा महाराष्ट्रातील सारस पक्ष्याचा शेवटचा प्रमुख आश्रय समजला जातो. तो टिकला आहे धानाच्या बांध्यांत आणि गावतलावांच्या काठी, म्हणजे माणसाने घडविलेल्या भूदृश्यात. निसर्ग आणि श्रम यांची फारकत करून या प्रदेशाचे आकलन होऊ शकत नाही, याचा यापेक्षा स्पष्ट पुरावा नाही.

निष्कर्ष

उपरोक्त विवेचनावरून पुढील बाबी स्पष्ट होतात. पहिली बाब अशी की, नवेगाव-नागझिरा परिसराचे पर्यटनमूल्य ज्या जलाशयांमुळे निर्माण झाले आहे, त्यांपैकी बहुतेक जलाशय कृषिसमाजाच्या सामूहिक श्रमाचे फलित आहेत. दुसरी, येथील पर्यटनमार्ग हे पाळीवरील देखभालीच्या वाटा, वनोपजाच्या वाटा आणि वसाहतकालीन वनरस्ते यांच्या क्रमिक रूपांतरातून आलेले आहेत. तिसरी, १८६० च्या दशकातील बंदोबस्त, १९५१ चे मालगुजारी निर्मूलन, १९७० नंतरची संरक्षित क्षेत्रे आणि २०१३ चा व्याघ्र प्रकल्प या प्रत्येक टप्प्यावर मालकी बदलली. आणि प्रत्येक टप्प्यावर पाळ राखणाऱ्याचा व पायी चालणाऱ्याचा अधिकार थोडा थोडा आकसत गेला. २००६ च्या वनहक्क कायद्याने ही दिशा बदलण्याची संधी दिली आहे. कारण सामूहिक हक्कांच्या दाव्यात निस्तारासारख्या रूढ वापराचा पुरावा ग्राह्य धरला जातो.

या संदर्भात पूर्व विदर्भातील महाविद्यालयांच्या इतिहास व भूगोल विभागांवर विशेष जबाबदारी येते. निस्तारपत्रके आणि वाजिब-उल-अर्ज तहसील व जिल्हा अभिलेखागारांतून मिळविणे, पुनर्वसित गावांतील वृद्धांकडून वाटांची व स्थळांची नावे नोंदविणे आणि ती नकाशावर आणणे, ही कामे पदव्युत्तर विद्यार्थ्यांच्या प्रकल्पातून होऊ शकतात. गाभा क्षेत्राबाहेरील गावतलावांच्या पाळींवर स्थानिक कोहळी, धीवर व गोंड जाणकारांच्या मार्गदर्शनाखाली पायी सहली आखता येतील. त्यासाठी जंगलावर नवा भार टाकण्याची गरज नाही. ज्या पिढीने कवलेवाड्याची किंवा कालीमाटीची वाट स्वतः तुडविली, ती पिढी आज वृद्धत्वाकडे झुकलेली आहे. तलावांतील गाळ यंत्राने उपसता येईल. परंतु वाटांची नावे सांगणारी माणसे गेल्यानंतर ती नावे कोणत्याही अभिलेखागारात सापडणार नाहीत. म्हणून हे काम अग्रक्रमाने हाती घेणे आवश्यक आहे.